पत्र्याखालचं तापमानही ऑडिटमध्ये घ्या : वाहन कंपन्यांच्या खरेदी विभागांना खुलं पत्र

प्रति,
खरेदी आणि व्हेंडर डेव्हलपमेंट विभागप्रमुख,
पुणे परिसरातल्या वाहन व सुटे भाग बनवणाऱ्या मोठ्या कंपन्या

विषय : उन्हाळ्यात घटणारं उत्पादन आणि त्याचा खर्च

सप्रेम नमस्कार,

मी भोसरीतला एक लघुउद्योजक. पॉवर प्रेसवर पत्र्याचे भाग काढायचं काम, थोडं मशीनिंग, थोडं ग्राइंडिंग. माझा माल थेट तुमच्या गेटवर येत नाही. तो आधी टियर-वनकडे, म्हणजे तुम्हाला थेट माल देणाऱ्या पुरवठादाराकडे जातो, तिथे दुसऱ्या कशाला तरी जोडला जातो आणि मग तुमच्या लाइनवर पोहोचतो. त्यामुळे तुमची माझी ओळख असायचं कारण नाही. तुमची ऑडिट शीट, म्हणजे आमच्या कामाच्या तपासणीची यादी, मात्र टियर-वनच्या हातून का होईना, दरवर्षी माझ्या टेबलावर येते आणि ती मला आता जवळपास पाठ आहे.

त्या शीटमध्ये काय नसतं? फाइव्ह एस म्हणजे जागेची टापटीप असते, गेजच्या (मोजायच्या साधनांच्या) कॅलिब्रेशनच्या तारखा असतात, लाल डब्यातल्या रिजेक्शनचा हिशेब असतो, आग विझवायचा सिलिंडर कधी भरला ते असतं. अलीकडे ईएसजीचा, म्हणजे पर्यावरण आणि सामाजिक जबाबदारीचा फॉर्म जोडून येतो, त्यात मी किती कार्बन सोडतो तेही सांगायचं असतं. आणि तापमानही असतं, पण ते मेट्रॉलॉजी रूमचं, म्हणजे मोजमापाच्या खोलीचं. तिथे २० अंश लागतात आणि रोजची नोंद लागते. त्यात गैर काहीच नाही. मोजमापासाठी जगभर मानलेलं तापमान २० अंशच आहे. पोलाद दर अंशाला मीटरमागे साधारण साडेअकरा मायक्रॉन वाढतं. म्हणजे १०० मिलिमीटरचा जॉब (भाग) ४० अंशांवर असताना २० अंशांच्या मानाने २३ मायक्रॉनने मोठा भरतो. ग्राइंडिंगच्या कामात २३ मायक्रॉन म्हणजे अख्खा लॉट परत. म्हणून त्या खोलीला एसी आहे. व्हीएमसी या संगणकावर चालणाऱ्या मशीनच्या कंट्रोल पॅनललाही छोटा एसी आहे, कारण तो नसेल तर एप्रिलमध्ये ड्राइव्ह ट्रिप होते, म्हणजे मशीन बंद पडतं. माझ्या गाळ्यात थंड राहणाऱ्या जागा या दोनच. तिसरी जागा शोधायची तर वॉटर कूलरला पाठ टेकून उभं राहावं लागतं, आणि दुपारी तिथे कोणी ना कोणी उभं असतंच.

जाता जाता सांगतो, एसीचा जन्मसुद्धा माणसासाठी झालेला नाही. विलिस कॅरिअरने १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी ती यंत्रणा आखली, कारण दमट हवेत कागद फुगायचा आणि रंग एकमेकांवर नीट बसायचे नाहीत. सव्वाशे वर्षांनी आम्हीही तिथेच आहोत. फक्त कागदाच्या जागी गेज आलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की प्रेससमोर उभ्या असलेल्या माणसाच्या डोक्यावरचं तापमान तुमच्या शीटमध्ये कुठेच नाही आणि त्यामुळे ते आमच्या रेटमध्येही नाही. त्या तापमानाचा खर्च मात्र होतोय, दरवर्षी, आणि तो तुमच्याही खात्यात पडतोय. फक्त दुसऱ्या नावाने.

कुठल्या नावाने ते एका उदाहरणाने सांगतो. आमच्याकडे ग्राइंडिंग झालेल्या पिना हाताने तपासून ट्रेमध्ये लावतात. एप्रिल-मेमध्ये त्या पिनांवर गंज येतो. सगळीकडे नाही, बोटांच्या ठशांसारखा, कधीकधी तर रेषा मोजता याव्यात इतका स्पष्ट. घामातलं मीठ ताज्या ग्राइंडिंगवर बसतं, पॅकिंगमध्ये दोन-तीन दिवस मुरतं आणि डबा उघडला की तपकिरी ठसा समोर. कापडी हातमोजे दिले तर ते तासाभरात ओले होतात, रबरी दिले तर आत पाणी साचतं, मग माणूस ते काढूनच ठेवतो. तक्रार येते, एट-डी रिपोर्ट, म्हणजे दोषाचं कारण आणि उपाय लिहायचा अहवाल मागवला जातो. मूळ कारणाच्या रकान्यात आम्ही सगळेच लिहितो, 'रस्ट प्रिव्हेंटिव्ह ऑइल कमी लागलं.' उपाय : 'ऑपरेटरला ट्रेनिंग दिलं.' खाली सह्या. पाच वेळा 'का' विचारायचं असतं, आम्ही चौथ्यापाशी थांबतो. पाचवा 'का' थेट छताकडे बोट दाखवतो आणि छताचा खर्च कोणाचा हे ठरलेलं नाही.

प्रेसवर गंज दिसत नाही, तिथे दर तासाचं उत्पादन लिहायचा बोर्ड बोलतो. सकाळी सात ते अकरा आकडे सरळ चालतात. जेवणानंतर ते ढेपाळतात आणि पहिली शिफ्ट सुटेपर्यंत सावरत नाहीत. सुपरवायझर म्हणतो, पोरं आळसावली. पोरं आळसावत नाहीत. ब्लँक (कापलेला पत्रा) उचलायच्या आधी हात पँटला पुसतात, पाणी प्यायला जास्त वेळा जातात, डायमध्ये (साच्यात) जॉब बसला का हे एकदाऐवजी दोनदा बघतात. आणि दोनदा बघतात हे चांगलंच आहे, कारण न बघणाऱ्याचं बोट जातं. वाहन उद्योगाच्या पुरवठा साखळीतल्या हाताच्या दुखापतींवर सेफ इन इंडिया ही संस्था गेली काही वर्षं अहवाल काढते आहे, त्यात पॉवर प्रेसचा वाटा मोठा आहे. त्या दुखापती उष्णतेमुळे होतात असं मी म्हणत नाही. पण घामाने निसटणारा हात आणि उतरलेलं लक्ष प्रेससमोर नको, एवढं कळायला अहवाल लागत नाही.

हे शरीराचं साधं गणित आहे. स्नायू जेवढी ऊर्जा खर्च करतात त्यातला फार तर पाव हिस्सा कामाला येतो, बाकीची उष्णता होऊन अंगात साठते. ती बाहेर टाकायचा खात्रीचा मार्ग म्हणजे घाम सुकणं. एक लिटर घाम पूर्ण सुकला तर साधारण २,४०० किलोज्यूल उष्णता घेऊन जातो. पण तो सुकला तर. नुसता गळला तर कपडे भिजतात, अंग थंड होत नाही. म्हणून मेच्या अखेरीस पारा दोन-तीन अंश उतरतो, ढग येतात, पेपरवाले 'पुणेकरांना दिलासा' छापतात आणि नेमक्या त्याच आठवड्यात आमचे लोक जास्त गळतात. हवेत दमटपणा आलेला असतो.

वर पत्रा असतो. एप्रिलच्या दुपारी रंग न लावलेला पत्रा साठ अंशांच्या वर सहज जातो आणि खाली उभ्या असलेल्या माणसावर वरून शेक देत राहतो. भिंतीवरच्या साध्या तापमापकाला ही धग पुरती कळत नाही. त्यासाठी वेगळं मोजमाप आहे, डब्ल्यूबीजीटी. ओल्या कापडातला तापमापक आणि काळ्या गोळ्यातला तापमापक, असे दोन. बंद जागेत ओल्याचे सात हिस्से आणि काळ्या गोळ्याचे तीन हिस्से धरून एक आकडा काढायचा. ओला दमटपणा सांगतो, काळा गोळा पत्र्याची आणि भट्टीची धग सांगतो. हातात धरायचा मीटर मिळतो. तुमच्या मागणीवरून आम्ही घेतलेल्या कितीतरी गेजपेक्षा तो स्वस्त आहे.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं एका गाळ्याचं रडगाणं झालं. नाही. ई. सोमनाथन, रोहिणी सोमनाथन, अनंत सुदर्शन आणि मीनू तेवारी यांचा भारतीय कारखान्यांवरचा अभ्यास २०२१ मध्ये 'जर्नल ऑफ पोलिटिकल इकॉनॉमी'त आला. त्यांनी सरकारच्या वार्षिक उद्योग पाहणीतले देशभरातल्या कारखान्यांचे आकडे तपासले, शिवाय विणकाम, कपडे, पोलाद अशा ठिकाणच्या कामगारांच्या रोजच्या नोंदी पाहिल्या. वर्षाचं तापमान एक अंशाने वाढलं की कारखान्याचं वार्षिक उत्पादन साधारण दोन टक्क्यांनी घटतं, असं त्यांना दिसलं. दोन टक्के हा आकडा तुम्हाला ओळखीचा वाटेल. साधारण तेवढंच 'कॉस्ट डाउन', म्हणजे दरकपात, आमच्याकडून दरवर्षी मागितलं जातं. आंतरराष्ट्रीय कामगार संघटनेच्या २०१९ च्या अहवालाचा अंदाज असा की २०३० मध्ये भारतात कामाचे ५.८ टक्के तास उष्णतेमुळे वाया जातील, म्हणजे ३ कोटी ४० लाख पूर्णवेळ नोकऱ्यांइतके. त्यात मोठा भाग शेती आणि बांधकामाचा आहे, हे खरं. पण कारखानेही त्यातून सुटलेले नाहीत.

सोमनाथन यांच्या अभ्यासातली दुसरी गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते. कामाची जागा थंड केली तर कामाचा वेग बराच सावरतो, पण गैरहजेरी सावरत नाही. वाचलं तेव्हा मला त्यात नवल वाटलं नाही. माझा ऑपरेटर आठ तास माझ्या पत्र्याखाली असतो आणि उरलेला वेळ दुसऱ्या पत्र्याखाली. चाकणला नाणेकरवाडीला किंवा इकडे कुरुळीला जाऊन बघा. एका ओळीत दहा-बारा खोल्या, वर पत्रा, खिडकी असलीच तर बोळात उघडणारी, एका खोलीत चार-पाच जण शिफ्टप्रमाणे आलटून पालटून झोपणारे. थर्ड शिफ्ट करून सकाळी आलेला मुलगा अकरानंतर त्या खोलीत झोपूच शकत नाही. दोन दिवस असे गेले की तिसऱ्या दिवशी तो येत नाही. आपण मस्टरवर 'ए' लिहितो.

माझे बरेच सहउद्योजक यावर हसतात. म्हणतात, एप्रिल-मेमध्ये लग्नसराई असते, गावोगावच्या यात्रा असतात, गुरुवारच्या सुट्टीला जोडून पोरं दांड्या मारतात, यात उष्णता कुठून आली? त्यांचं अर्धं बरोबर आहे. लग्नं आहेत, यात्रा आहेत, आणि पुण्यात गुरुवारी एमआयडीसी बंद म्हणून शुक्रवारची गैरहजेरी बारा महिने असते. पण यात्रेला गेलेला माणूस आधी सांगून जातो. न सांगता गळणारा वेगळा.

दुसरं वाक्य हमखास ऐकू येतं : 'गावाकडे हेच लोक भर उन्हात शेतात राबतात, इथं सावलीत काय होतं यांना?' गावाकडे कोणी भर उन्हात राबत नाही हो. उजाडताच रानात जातात, दहा-अकराला झाडाखाली येतात, भाकरी खाऊन आडवे होतात आणि ऊन कललं की परत कामाला लागतात. शेतकऱ्याने उन्हाशी जुळवून घेतलेलं वेळापत्रक आहे ते. आमची शिफ्ट सात ते साडेतीन, जेवणाची सुट्टी अर्धा तास, आणि दुपारी दोनला गाडी भरून निघायची असते, कारण तुमच्या शेड्यूलप्रमाणे टियर-वनची डिलिव्हरी विंडो (माल घ्यायची वेळ) चारची असते. शेतकऱ्याला दुपारी थांबता येतं, आम्हाला नाही.

नव्या माणसाचं तर आणखी वेगळं. शरीराला उष्णतेची सवय व्हायला एक ते दोन आठवडे लागतात. अमेरिकेच्या नायॉश या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस अशी की नव्या कामगाराला उष्ण जागेत पहिल्या दिवशी नेहमीच्या कामाच्या २० टक्केच वेळ ठेवावं आणि रोज २० टक्क्यांनी वाढवत न्यावं. आमच्याकडे जुने लोक एप्रिलमध्ये गावी जातात, ठेकेदार त्याच महिन्यात नवी मुलं पाठवतो, आणि सगळ्यात उष्ण पंधरवड्यात सगळ्यात नव्या मुलाला पहिल्या दिवसापासून पूर्ण टार्गेट लावलं जातं. हे मी ठेकेदारावर ढकलत नाही. शेड्यूल तसंच असतं.

पुण्याची हवा चांगली, ही ख्याती मला मान्य आहे. साधारण ५६० मीटर उंची, संध्याकाळी घाटातून येणारा वारा, गार रात्री. पण ती ख्याती झाडांच्या पुण्याची आहे. २०१९ च्या एप्रिलअखेरीस शिवाजीनगरच्या वेधशाळेत पारा ४३ च्या आसपास गेला होता, आणि तो आकडा मोकळ्या जागेतल्या, सावलीतल्या पेटीतला. काँक्रीट, पत्रे, पावडर कोटिंगच्या भट्ट्या आणि कॉम्प्रेसर एकमेकांना खेटून असलेल्या आमच्या ब्लॉकमध्ये काय असेल, त्याची नोंद कोणी ठेवत नाही.

मग तुम्ही का करत नाही, असा प्रश्न येईलच. उपाय अवघड नाहीत. छताला पांढरा परावर्तक रंग, आतून इन्सुलेशन, उंचावर झरोके. टर्बो व्हेंटिलेटर सगळे बसवतात, पण वारा पडला की तो शोभेपुरता. बाष्पीभवनाचे डक्ट कूलर एप्रिलच्या कोरड्या हवेत छान चालतात, जूनच्या दमटीत नाही. मॅन कूलर नावाचे ते मोठे पंखे घाम सुकेपर्यंत उपयोगी, पण हवाच चाळिशीला गेली की गरम वारा फेकतात. ताक, लिंबू सरबत, ओआरएस हे स्वस्त आणि लागू पडणारे उपाय. ते आम्ही देतो, काही जण देत नाहीत, त्यांनी लाजावं. बंगळुरूच्या कपडे कारखान्यांत जुने दिवे काढून एलईडी लावल्यावर दिव्यांची धग कमी झाली आणि उष्ण दिवसांतलं काम सुधारलं, म्हणजे वीजबिलासाठी केलेल्या खर्चाने उत्पादनही दिलं, असा अभ्यास झालेला आहे. खरा तिढा छताचा. भोसरीतले निम्मेअधिक ओळखीचे लोक भाड्याच्या गाळ्यात आहेत, अकरा महिन्यांच्या करारावर. दुसऱ्याच्या छताला रंग कोण लावणार? मालक लावत नाही, कारण त्याला भाडं तसंही मिळतं. भाडेकरू लावत नाही, कारण पुढच्या वर्षी तो तिथे असेलच असं नाही.

सरकार बघेल म्हणाल, तर १९४८ च्या कारखाना कायद्याच्या १३ व्या कलमातच हवा आणि तापमान होतं. भिंती आणि छत असं हवं की आतलं तापमान शक्य तितकं कमी राहील, असंच त्यात लिहिलेलं. तो कायदा विजेवर चालणाऱ्या जागेत दहा कामगारांपासून लागू व्हायचा. २०२० च्या नव्या संहितेत कारखान्याची ती मर्यादा वीस झाली. बाराजणांची प्रेस शॉप त्या व्याख्येच्या बाहेरच राहते. माझ्या गाळ्यात इन्स्पेक्टरपेक्षा तुमचा ऑडिटर जास्त वेळा येतो, आणि खरं सांगायचं तर आम्ही त्यालाच जास्त घाबरतो. म्हणून हे पत्र कामगार आयुक्तांना न लिहिता तुम्हाला लिहितोय.

मागणं फार मोठं नाही. शीटमध्ये एक ओळ वाढवा : सगळ्यात गरम स्टेशनवर दुपारी तीनची डब्ल्यूबीजीटी नोंद, एप्रिल आणि मे महिन्यांची. पहिल्या वर्षी त्यावर मार्क कापू नका. कापलेत तर आम्ही मीटर कूलरसमोर ठेवू, हे मी आत्ताच सांगून ठेवतो. नुसते आकडे गोळा करा, मग ते आमच्या रिजेक्शनच्या आणि उशिरा पोहोचलेल्या गाड्यांच्या आकड्यांशेजारी मांडून बघा. तुमच्याकडे ते काम करणारी हुशार मंडळी आहेत.

दुसरं, शेड्यूल. मार्च एंडच्या रेट्यात आमच्याकडचा साठा तुम्ही तळापर्यंत ओढता आणि मग एप्रिलचा उष्ण महिना आम्ही रिकाम्या रॅकवर सुरू करतो. जानेवारी-फेब्रुवारीत आठवड्याभराचा जास्तीचा माल बनवायची परवानगी आणि त्याची ऑर्डर द्या, म्हणजे मेमध्ये दुपारची लाइन दोन तास थांबवता येईल. डिलिव्हरी विंडो दोन महिन्यांपुरती संध्याकाळी सातपर्यंत खुली ठेवलीत तर पहाटे सहाची शिफ्ट आणि ऊन उतरल्यावर लोडिंग, दोन्ही जमेल. तुमच्या गेटबाहेर दोन-दोन तास उन्हात उभे राहणारे टेम्पोवालेही दुवा देतील.

तिसरं आणि महत्त्वाचं, छत. डाय बनवायची असली की तुम्ही तिचा खर्च आम्हाला देता. एकरकमी नाही तर पीसमागे काही पैसे लावून, ठरलेल्या संख्येपर्यंत. हे टूल अमॉर्टायझेशन आपल्या दोघांनाही नवीन नाही. छताचं तसंच करा. रंग आणि इन्सुलेशनचा खर्च ठरवा, दोन वर्षांच्या व्हॉल्यूमवर पसरवा, पीसमागे जे पैसे येतील ते त्या दोन वर्षांपुरते रेटमध्ये धरा, आणि रंग लावला की नाही ते तुमच्या माणसाने शिडी लावून वर चढून बघावं. दोन वर्षं व्हॉल्यूमची हमी असेल तर गाळामालकाशी लांबचा करार करायला माझ्याही हातात काहीतरी राहील. खोल्यांच्या पत्र्यांचं काय, हा प्रश्न यातून सुटत नाही. तो एकट्या खरेदी विभागाचा नाहीच. त्यासाठी एमआयडीसी, ग्रामपंचायती आणि आपण सगळ्यांनी वेगळं बसावं लागेल.

या वर्षीच्या रेट रिव्हिजनच्या बैठकीत एवढा एक मुद्दा अजेंड्यावर घ्या. माझ्या गाळ्याच्या छताची तीन कोटेशन आणि तुमच्या व्हॉल्यूमवर पीसमागे किती बसतं त्याचा हिशेब मी टियर-वनमार्फत त्याआधी पाठवून देतो.

आपला नम्र,
भोसरी एमआयडीसीतला एक लघुउद्योजक